आप्पांचं शेवटचं लुगडं आणि जर्मन भिंग

शहापुरातल्या आमच्या घरात दोन माग होते आणि बी.ए. झालेला मी एकटा. पदवीचं प्रमाणपत्र चौकटीत घालून मागाच्या वरच्या भिंतीवर लावलं होतं. त्याच्यावर सुताची बारीक धूळ बसायची, ती मी रोज सकाळी पुसायचो. लपवत नाही, मला ताठा होता.

फोटोचा नाद मला कॉलेजातल्या मित्रानं लावला. कोल्हापुरात आम्ही एका खोलीत राहायचो. तो इथल्याच टिळकवाडीतल्या वकिलाचा मुलगा, पुढं स्वतःही वकील झाला. परत आल्यावर मी इथं शाळेत मास्तर झालो. रविवारी दोघं सायकली काढून उचगावच्या बाजूला जायचो. माझ्याकडं पेटी कॅमेरा होता, म्हणजे खटका दाबायचा आणि बाकीचं उन्हावर सोडायचं. त्याच्याकडं घडीचा जर्मन कॅमेरा. झाकण उघडलं की काळा भाता पुढं यायचा आणि टोकाला ते भिंग, थोडं निळसर. तो मला म्हणायचा, "मास्तर, तुझं डबडं म्हशीला चालेल. माणसासाठी भिंग लागतं." मी हसायचो. त्याचं खरंच होतं.

एकदा त्यानं तो कॅमेरा मला दोन दिवस वापरायला दिला. मी अंगणातल्या भिंतीवर चौकड्याचं लुगडं ताणून टांगलं आणि फोटो काढला. भिंग खरं आहे का हे बघायला मला त्याहून चांगली वस्तू सुचली नाही. वर एक काठ, खाली एक काठ, मधे सरळ रेघा. प्रिंट आल्यावर आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, सूत मोजायचं आपलं भिंग तिच्यावर ठेवलं. इंचात धागे किती हे बघायला विणकर ते वापरतात. बराच वेळ बघून म्हणाले, "काठाचा धागा न् धागा मोजता येतोय रं. ह्यो कॅमेरा खरा."

मग लढाई सुरू झाली. जर्मन माल यायचा बंद झाला, रोल मिळेनासे झाले. त्याच सुमारास लष्कराच्या कँपातला एक गोरा ऑफिसर बदली होऊन निघाला आणि जाताना त्यानं आपला कॅमेरा माझ्या मित्राला विकला. त्याच कारखान्याचा, पण नवा. अंतर आपोआप दाखवणारा. मित्र खुशीत होता. म्हणाला, "जुना आता तुझा. पैसे नकोत. आप्पांच्या हातचं एक लुगडं आमच्या हिला दे, झालं."

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तरी म्हणाले, "इणतो की. शेवटचंच धर."

आमच्या घरचा काठ वेगळा. बारीक रुद्राक्षांच्या दोन ओळी आणि त्यांच्या मधून एकच पिवळा धागा. शहापूर-वडगावात कुठंही तो दिसला तर माणसं सांगायची, हे अमक्याच्या मागावरचं. लुगडं लोकांच्या घरी जाणार आणि विरणार. म्हणून मी मनात धरलं, की त्या काठाचा एक असा फोटो घरात राहायला हवा ज्यात आप्पांचा धागा मोजता येईल. त्या जर्मन कॅमेऱ्याची मला दुसरी काही गरज नव्हती.

आमच्याकडं एक रीत आहे. ओळखीच्या माणसाकडनं सूत घेतलं तर त्याच्यासमोर लडी सोडून बघायची नाही. बघितली तर त्याचा अपमान. मित्रानं कॅमेऱ्याची कातडी पेटी हातात दिली, ती मी तशीच बंद घरी आणली. शंकाच नव्हती. माझ्याकडं जपून ठेवलेला एकच रोल होता, तो लुगड्यासाठी राखला.

दीड महिन्यानं लुगडं मागावरनं उतरलं. सकाळच्या उन्हात त्याच भिंतीवर टांगलं आणि रोलमधले आठही फोटो त्याचेच काढले. संध्याकाळी घडी घालून टिळकवाडीत पोचवलं. मित्राच्या बायकोनं, वहिनींनी, ते अंगाला लावून बघितलं. काठ फार सुंदर आहे म्हणाल्या.

चौथ्या दिवशी कँपातल्या फोटोवाल्याकडनं प्रिंट आणल्या. मधले चौकडे लख्ख. वरचा आणि खालचा काठ मात्र दुधात बुडवल्यासारखा. आठही तसेच. माझा हात हलला असेल असं मी म्हणालो. फोटोवाला म्हणाला, "हात हलला तर सगळंच हलतंय की. कडंलाच कसं हलंल? कॅमेरा आणा बघू." मी कॅमेरा नेऊन दिल्यावर त्यानं भिंगाची पुढची चकती फिरवून काढली. आतल्या दोन काचा चिकटवलेल्या असतात, त्यांचा डिंक कडेनं सुटला होता. चकतीच्या खाचांवर ताजे ओरखडे होते. "हे अलीकडंच कुणीतरी उघडलंय, मास्तर," तो म्हणाला.

घरी येऊन जुनी प्रिंट शेजारी ठेवली. तोच कॅमेरा, तीच भिंत. भिंग तेच नव्हतं.

टिळकवाडीत गेलो तेव्हा मित्र व्हरांड्यात बसून नवा कॅमेरा पुसत होता. मी विचारलं, "भिंग बदललंस?"

त्यानं नाही म्हटलं नाही. "साहेबाच्या कॅमेऱ्याचं यंत्र उत्तम होतं रे, भिंगच गेलेलं. माप एकच. काय करणार?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर घेतला असतास?" मग हसून म्हणाला, "खरं सांगू? तुमच्याकडे कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नाही."

तुमच्याकडे. चार वर्षं एका खोलीत, एका कंदिलावर अभ्यास केलेला माणूस. परीक्षेत त्याच्यापेक्षा दोन नंबर वर होतो मी.

माझा चेहरा बघून तो जरा नरमला. "रागावू नकोस. लुगडं घरातच आहे. रविवारी ये, माझ्या कॅमेऱ्यानं काढून देतो."

"राहू दे," म्हणालो आणि सायकल काढली.

आप्पांनी प्रिंटवर सूत मोजायचं भिंग ठेवलं. ते वरच्या कडेला नेलं, तिथंच ठेवून बराच वेळ वाकून राहिले. मला वाटलं डोळ्यांना दिसत नसेल.

"काठ न्हाय आला," ते म्हणाले. "काठ न्हाय तर हे कुणाचं बी लुगडं."

मी सगळं सांगितलं. मित्रानं काय केलं, काय म्हणाला, सगळं. त्यांनी त्याला एकही शिवी दिली नाही. विचारलं, "परत काढून देतो म्हणाला न्हवं?"

"व्हय. मी नको म्हणालो."

त्यांनी प्रिंटवरचं भिंग उचललं. मग म्हणाले, "लुगडं माझं हुतं रं. रुसायचं असतं तर मी रुसलो असतो. तू कशाला मधी ताठलास?"

त्यानंतर दोनदा मी टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापर्यंत गेलो. एकदा फाटक बंद होतं. एकदा उघडं होतं. दोन्ही वेळा परत आलो. तिसऱ्यांदा निघायच्या आत कळलं, की वहिनींनी ते लुगडं माहेरी बहिणीला देऊन टाकलं.

आप्पांना मी ते सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.