दाबून धरलेलं बटण

ऑफिसात तिला सगळे बटणबाई म्हणत. मोबाइलच्या ॲपमधली बटणं बनवायची, हे तिचं काम. बोट टेकलं की बटण किती दबल्यासारखं दिसावं, बोट बाजूला सरकलं तर काय समजायचं, दाबून धरलं तर काय करायचं, सगळं तीच ठरवायची. ऐकणाऱ्याला हसू यायचं, पण तिच्या बटणाला नावं ठेवायची कुणाची बिशाद नव्हती.

घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा लिफ्टमन होते. त्यांची लिफ्ट जुनी आणि महा हट्टी. मजला येईपर्यंत बटण दाबून धरावं लागे. मधेच सोडलं की माणसं दोन मजल्यांच्या मधे लटकलीच म्हणून समजा. नोकरी संपली तरी अंगठ्याची खोड काही गेली नाही. दारावरची बेल ते अशी वाजवत, की आधी शेजारी बाहेर येत.

आई गेली तेव्हा तिचा एकच आवाजी निरोप बाबांच्या फोनमध्ये राहिला होता. "येताना साबण आणा. आणि जिन्याने येऊ नका, गुडघ्यांना जपा." बस, एवढाच. बाबा रोज सकाळी चहा पिताना तो लावत आणि "बरं, आणतो," म्हणत.

निरोपांचं ते ॲप लेकीच्याच कंपनीचं. पूर्वी कितीही वेळ दाबा, बोट उचललं की निरोप वाजायचा. रविवारी तिने मोठ्या कौतुकाने नवं ॲप त्यांच्या फोनमध्ये टाकलं. त्यात दाबून धरलं की निरोप थेट पुसला जाई. 'नक्की पुसू का?' हा प्रश्न तिनेच काढून टाकला होता, लोक वैतागतात म्हणून. बाबांचा अंगठा तिच्या ध्यानीमनी नव्हता.

सोमवारी सकाळी बाबा फोन घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. "बघ गं, तुझी आई आज बोलेना."

तिने फोन घेऊन पाहिलं, निरोप पुसला गेला होता. निरोप दुसरीकडे कुठेच साठवलेला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने फोन बंद केला, पुन्हा चालू केला, उगाच. मग मात्र तिला रडू आवरेना.

"बाबा, माझ्या बटणाने पुसला तो निरोप. आता नाही परत यायचा."

बाबांना त्यातलं काही उमगलं नाही. लेक रडतेय, म्हणजे चूक आपलीच, एवढंच त्यांना वाटलं. अंगठा पुढे करून ते ओशाळून म्हणाले, "मी मधेच सोडलं नव्हतं गं. शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं."