फादरच्या तळहातावरचा नारळ

आमच्या दूधसंस्थेच्या मागच्या खोलीत एक फादर दोन वर्षं भाड्यानं राहिले. समुद्राकाठचे. परदेशात देवाधर्माचं शिकलेले, पाद्री घडवणाऱ्या कॉलेजात शिकवणारे. ते सोडून ऐन दुष्काळात घाटनांदूरच्या अलीकडं आमच्या गावात का आले, कुणाला कळेना. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "देव गप्प का असतो यावर पुस्तक लिहितोय. ते टँकरच्या रांगेत उभं राहून लिहावं म्हटलं."

"मग घागर तरी आणा," मी म्हटलं, "नुसते हात हलवत कशाला येता?"

दुसऱ्या दिवशी खरंच घागर घेऊन आले!

मी संस्थेत दूध मोजायची. दुपारी तापल्या पत्र्याखाली माणूस नसायचं. फादर लिहिता लिहिता वाचून दाखवायचे. देव काही मागेल ते देणारा दुकानदार नाही, म्हणायचे. तो गप्प राहतो, कारण शेजाऱ्यासाठी तोंड उघडायचं काम त्यानं आपल्यावर सोपवलंय. मला निम्मं कळायचं, निम्म्यात डोळा लागायचा. समोरच्या भेगाळल्या रानावर मृगजळ हलायचं, त्यात त्यांचा समुद्र मिसळायचा आणि मी कधी न पाहिलेल्या लाटा आमच्या बांधापर्यंत यायच्या. किती बरं वाटायचं, काय सांगू! असं सुख मला माहेरीसुद्धा मिळालं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात संस्थेनं एक बोअर घ्यायचं ठरवलं. एकच, दुसऱ्याची ऐपत नव्हती. पाणी लागलं तर जनावरं गावात राहणार, नाहीतर सगळ्यांनी जनावरं घेऊन चारा छावणी गाठायची आणि संस्थेला कुलूप. आमच्याकडं पाणी बघणारा पाणाड्या तळहातावर आडवा नारळ घेऊन रानात फिरतो. नारळ उभा राहील तिथं पाणी. पण आमचा पाणाड्या दोनदा हुकला होता.

चेअरमन म्हणाले, "फादर रोज देवाचाच अभ्यास करतेत. त्येंच्या हाताला गुण असंल की! त्येंनाच धरू द्या नारळ."

फादर तीनदा नाही म्हणाले. मग निम्मं गाव चपला काढून, देवळात आल्यासारखं, त्यांच्या दारात उभं राहिलं. त्यांना ते बघवेना. त्यांनी हात पुढं केला.

त्या सकाळी त्यांना सणकून ताप होता. मला ठाऊक होतं, गोळी मीच नेऊन दिली होती. हातातला चहा हिंदकळून सांडत होता. तरी "आज नको" एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. मी मेली गंमत बघत मागं मागं गेले. आणि आमच्याच रानात, बाभळीपाशी, हात थरथरला अन् नारळ उभा राहिला.

एकच ओरडा झाला. फादरनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. आमच्या रानात पाणी! मला तिथं हिरवागार लसूणघास डुलताना दिसायला लागला. दोन दिवस मी जमिनीवर नव्हतेच.

तिसऱ्या दिवशी मशीन लागली. धूळ निघाली. मशीन खाली खाली गेली तरी धूळच.

संस्थेची बैठक बसली. फादर उठले. "हात तापानं कापला होता, हे मला तिथंच कळलं. पण तुमचे चेहरे पाहून मलाही ते खरं व्हावंसं वाटलं. मी बोललो नाही. चूक माझी आहे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

संध्याकाळी मी खोलीवर गेले. ते लिहिलेल्या पानांवर आडव्या रेघा मारत होते.

"फादर, माझंबी चुकलं. देवापुढं कबूल केलं मी."

"देवाला सांगणं सोपं असतं, ताई. तो कुणाला सांगत नाही," ते म्हणाले. "लोकांना सांगा."

असा राग आला मला! आल्या पावली परतले.

जनावरं छावणीला गेली. गावानं फादरशी बोलणं टाकलं. पंधरवड्यात तेही गेले.

दुष्काळ सरल्यावर संस्था पुन्हा उघडली. पहिल्याच बैठकीत चेअरमन म्हणाले, "त्या पाद्र्यानं गाव बुडवलं. पण ही बाई लई इमानदार हाय. आता हीच आपली सचिव."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी उठले, हार घालून घेतला आणि सगळ्यांचे आभार मानले.