आईनं सोडलेलं मीठ

२००६ सालच्या उन्हाळ्यात मी माझ्या आईला पाणी पाजून मारायला निघाले होते. हे वाक्य मी इतकी वर्षं कुणासमोर उच्चारलेलं नाही, नवऱ्यासमोरसुद्धा नाही. आज लिहून टाकते.

आई साताऱ्याहून माझ्या बाळंतपणाला आली होती. आधीचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं. एके दिवशी पोटातली हालचाल थांबली आणि संपलंच सगळं. म्हणून या खेपेला आई सातवा लागताच येऊन दाखल झाली. आम्ही तेव्हा अमेरिकेतल्या वाळवंटात, चँडलरला राहायचो. नवरा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, आणि मी जवळच्या कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायचे. हो, शरीरशास्त्र! सगळी लाज तिथंच आहे.

दर सेमिस्टरला माझा पहिला धडा ठरलेला असायचा: शरीर आतला तोल कसा सांभाळतं. बाहेर भट्टी असो नाहीतर बर्फ, आत रक्तातलं मीठ, पाणी, साखर, उष्णता ठरलेल्या रेषेच्या आसपासच राहिली पाहिजे. पाणी कमी पडलं की मेंदू तहान लावतो आणि मूत्रपिंडांना सांगतो, धरून ठेवा. जास्त झालं की सांगतो, सोडून द्या. हृदय, फुप्फुसं, कातडी, सगळी एकमेकांच्या कामावर लक्ष ठेवून असतात. हे मी पोरांना इतकं घोळवून सांगायचे की मागच्या बाकावरचेही पेन उचलायचे.

आणि घरी? घरी मी आईच्या मागं तांब्या घेऊन लागले होते.

जुलैतलं चँडलर ज्यानं पाहिलंय त्याला माझी भीती कळेल. दुपारी गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसायचा. आईला ब्लड प्रेशर, त्यावर लघवीवाटे पाणी काढून टाकणारी गोळी चालू. मला वाटायचं, ही बाई इथं सुकून जाणार. मी दोन मोठ्या बाटल्या भरून ओट्यावर ठेवायचे आणि कॉलेजातून फोन करून विचारायचे, "पहिली संपली का?"

"अगं, तहानच लागत नाही गं."

"तहान लागायची वाट बघायची नसते इथं. पी म्हटलं ना!"

"बरं बाई. तू शिकलेली, तू म्हणशील तसं." आणि ती प्यायची. आयुष्यभर तिनं नवऱ्याचं ऐकलं, मग मुलाचं, आता माझं.

जेवायला मात्र कधी आमच्याबरोबर बसायची नाही. "तुम्ही बसा, मी मागनं जेवते." ओट्याच्या कोपऱ्यात एक वाटी झाकून ठेवलेली असायची. मला वाटायचं, सकाळसाठी काढून ठेवलीय भाजी. झाकण उचलून बघावं असं एकदाही वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये तिचं डोकं दुखायला लागलं. मग मळमळ. एका दुपारी परत आले तर रिकामा कुकर गॅसवर, आणि आई शेजारी नुसती उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला तीनदा विचारलं, आज वार कुठला. मी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा खेकसून. घाबरले की मी खेकसतेच. ऊन बाधलंय, दुसरं काय! मी मीठ-साखर घालून लिंबाचं सरबत केलं. तिनं एक घोट तोंडाला लावला आणि पेला बाजूला सारला. "नको गं, मळमळतंय." मग मी काय केलं? साधं पाणी दिलं. दोन पेले. माझ्यासमोर पी, म्हणाले.

त्याच सकाळी, दहाच्या सुमाराला, ती ओट्याशी साडीच्या निऱ्या परत परत घालत होती. पन्नास वर्षं साडी नेसणाऱ्या बाईला निऱ्या जमेनात. मी पुढं झाले, तेवढ्यात तिचे डोळे वर गेले, जबडा आवळला आणि ती फरशीवर कोसळून हातपाय झाडायला लागली. तसला आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी सात महिन्यांचं पोट घेऊन खाली बसले, तिला कुशीवर वळवलं आणि नाइन वन वन लावला. ॲम्ब्युलन्समध्ये ठणकावून सांगितलं, "डिहायड्रेशन आहे. मी फिजिऑलॉजी शिकवते."

इमर्जन्सीतली डॉक्टर माझ्याहून लहान असेल. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन तिनं विचारलं, आई दिवसाला पाणी किती पिते? मी सांगितलं. खरं सांगते, थोड्या अभिमानानंच सांगितलं. तिनं रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाली, हिच्या रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय, पाणी फार झालंय. ही जेवणात मीठ घेते ना?

"अहो, आम्ही इंडियन आहोत. लोणचं, पापड, सगळं घेते."

पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. कॉरिडॉरमध्ये जाऊन कॉलिंग कार्डानं साताऱ्याला मावशीला फोन लावला. तिकडं रात्र होती. मावशीनं आधी विषय टाळला. मग रडायला लागली. "तुला सांगू नको म्हणाली होती गं. तिनं आषाढी एकादशीपासून मीठ सोडलंय. कार्तिकीपर्यंत. तुझी सुटका सुखरूप व्हावी म्हणून. या खेपेला तरी पोर हाती लागू दे, म्हणाली."

मी भिंतीला टेकले. ती झाकलेली वाटी, तो बाजूला सारलेला पेला! गोळी मीठ बाहेर काढत होती, आई मीठ आत घेत नव्हती, आणि जे काही उरलंसुरलं होतं ते मी पेल्यामागून पेला पाजून पातळ करत होते. मूत्रपिंडं पाणी सोडायला धडपडत असतील, पण ती गोळी मीठ घालवते आणि नुसतं जादा पाणी मात्र सोडू देत नाही, तिच्यापुढं त्यांचं काही चालेना. मग पाणी शिरतं पेशींत, पेशी फुगतात. बाकी कुठंही फुगल्या तर जागा असते. कवटीत जागा नसते. हे चित्र मी दर वर्षी फळ्यावर काढायचे, निळ्या खडूनं.

मी धावत आत जाऊन डॉक्टरला सांगितलं. तिनं मान हलवली आणि दुसरी भीती माझ्या पदरात टाकली. मीठ हळूहळू चढवायचं. घाईनं चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बोलणं जाईल, हातपाय जातील. आणि पाणी बंद. तोंड ओलं करण्यापुरतं, बस्स.

दुपारी आई शुद्धीवर आली. शुद्धीवर म्हणजे डोळे उघडले, एवढंच. ओठ सुकलेले. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, जरा पाणी देता?"

बाई! मला!

"आई, मी आहे. पाणी द्यायचं नाहीये आत्ता."

"घोटभर द्या हो. पाया पडते तुमच्या." आणि तिनं खरोखर हात जोडले, एका हाताला सुई टोचलेली असताना. मी कापूस ओला करून ओठांवर फिरवला, तर तो दातांत धरून चोखायला लागली. मला ओढून काढावा लागला. नवरा म्हणाला, "अगं, तू बाहेर बस, मी बघतो." मी त्याच्यावर ओरडले. महिनाभर जिला नको असताना पाजलं, ती आता मागत होती आणि मी तिच्या तोंडातला कापूस हिसकावत होते. आई मला ओळखणार नाही, कधीच नाही, याची मला त्या दुपारी जवळजवळ खात्री झाली होती. दर काही तासांनी रक्त काढून न्यायचे आणि सोडियमचा आकडा येईपर्यंत मी दाराकडं बघत बसायचे. फार वर आला तरी भीती, वर नाही आला तरी भीती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीशी उभी होते. मागून आवाज आला, "अगं, बस की. पाय बघ किती सुजलेत."

मी वळले. ती आईच होती, पूर्ण. जवळ जाऊन मी आधी काय केलं? भांडले! "कुणी सांगितलं होतं तुला मीठ सोडायला? मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर सोडू दिलं असतंस?"

तेवढ्यात जेवणाचा ट्रे आला. कुस्करलेला बटाटा, उकडलेली गाजरं आणि मिठाची कागदी पुडी. गोळी बदलून झाली होती, सलाईन चढवून झालं होतं. आता मीठ पोटातून जायला हवं, असं डॉक्टरनं सकाळीच बजावलं होतं. आईनं पुडी उचलली, फोडली नाही. मुठीत धरून बसली. मग माझ्या पोटाकडं बघत हळूच म्हणाली, "मोडलं तर काही होणार नाही ना गं?"

"काही होत नसतं" असं मी ताडकन म्हणायला हवं होतं. पण ते जमलं नाही. कारण तेव्हाच माझ्या लक्षात आलं, आज सकाळपासून आत काहीच हललं नव्हतं. धावपळीत मला कळलंच नव्हतं. मागच्या वेळी असंच झालं होतं. फळ्यावर चित्रं काढणारी मी तिच्या मुठीकडं बघत राहिले आणि एका क्षणासाठी, फक्त एका क्षणासाठी, वाटलं, नको फोडू.

मग मी तिची मूठ उघडली, पुडी दातांनी फोडली आणि सगळं मीठ तिच्या बटाट्यावर ओतलं. निम्मं चादरीवर सांडलं. "खा," म्हणाले.

आईनं एक घास घेतला. मी पोटावर दोन्ही हात ठेवले. तिनं ते पाहिलं. काय झालंय ते तिला सांगावं लागलं नाही. ती चमचा तसाच धरून थांबली.

"खा, आई. थांबू नकोस."

तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. डोळ्यांतून धारा, आणि तोंड चालूच. आम्ही दोघी माझ्या पोटाकडं बघत होतो. चौथ्या घासाला आतून लाथ बसली, चांगली सणसणीत. मी तिचा हात ओढून तिथं ठेवला आणि दुसऱ्या हातानं पाचवा घास तिला भरवला.