नानांनी वाचलेली श्रद्धांजली

आटपाडीकडच्या हिवरवाडीत कुणी वारलं की पाहुण्यारावळ्यांना फोन जायचे, आणि त्याच हातासरशी एक फोन नानासो मेटकरींना जायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी माती सावडायला गाव ओढ्याकाठी जमतं. राख गोळा होते, नैवेद्य मांडतात, आणि कावळा शिवेपर्यंत गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे असतात. ते चार शब्द नानांचे. आधी पुढारी बोलून घेत, लोक चुळबुळत ऐकत. नाना उभे राहिले की बायका पदर हातात धरूनच बसायच्या.

नाना एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी आटपाडी-मिरज, आटपाडी-कराड असल्या गाड्यांवर गेली. आवाज खणखणीत, आणि पंचक्रोशीतली माणसं तोंडपाठ. पण त्यांच्या भाषणाची खरी गोम वेगळीच होती. सावडण्याच्या आदल्या दिवशी ते त्या घरी जाऊन भिंतीला टेकून बसत आणि विचारत, “सांगा की, म्हातारा कसा हुता?” मग एखादी सून हळूच सांगे की मामंजी मेंढरं मोजताना धाकट्या नातवालाही त्यात धरायचे, म्हणून मोजणी कधी जुळायचीच नाही. नानांना तेवढं पुरे होई. दुसऱ्या दिवशी ते एवढंच सांगत, आणि ओढ्याकाठी रडता रडता माणसं हसत.

मग मोबाईलमध्ये सांगेल ते लिहून देणारं एआय आलं. नानांची लेक पल्लवी कराडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. दिवाळीला आली तेव्हा बापाचे दुखरे गुडघे बघून तिनंच ते फोनमध्ये घालून दिलं. “दादा, नाव, वय, गाव एवढं नुसतं बोलायचं. भाषण लिहून देतंय त्ये.”

नानांनी थट्टेनं कालच वारलेल्या गावातल्या एका सुभेदाराचं नाव सांगितलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत पडदाभर मजकूर. ‘कर्तव्याच्या वेदीवर’ काय, ‘स्मृतींचा दरवळ’ काय! पल्लवी म्हणाली, “एकदा वाचून बघत जावा मात्र. त्याला म्हाईत नसलं की मनाचं घालतंय.”

“माझ्यापरास बरं घालतंय की,” नाना म्हणाले.

सुभेदाराच्या सावडण्याला त्यांनी ते वाचलं आणि वाहवा झाली. हिवरवाडीची निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायला परमुलखात पांगलेली. त्यांच्यासाठी आता सावडणंही मोबाईलवर लाइव्ह जातं. कोइमतूर, कानपूर, कुठून कुठून जोडलेल्या हातांची चित्रं आली. ‘नाना, काय भाषा!’ असं कुणीतरी लिहिलं. ते नानांनी घरी येऊन तीनतीनदा उघडून बघितलं. म्हातारपणी कौतुकाची चटक लागली की ती तंबाखूपेक्षा वाईट. हळूहळू नानांचं लोकांच्या घरी जाऊन बसणं सुटलं. गुडघ्याचं निमित्त होतंच.

अशात तानुबाई गेली. बिरदेवची बायको. बिरदेव आणि नाना एका वर्गातले, शाळा चुकवून कोकरं राखलेले. नाना मातीला गेले, बिरदेवच्या खांद्यावर हात ठेवून आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जावं असं मनात आलं, नाही असं नाही. पण तिथं जाऊन विचारायचं काय? सगळं माहीतच आहे, असं म्हणून ते खाटेवर पडून राहिले. संध्याकाळी फोन तोंडापाशी धरून म्हणाले, “तानुबाई, वय सत्तर, हिवरवाडी, मेंढरंवाल्या घरातली, कष्टाळू, मायाळू.” मजकूर आला. वरच्या दोन ओळी बघून नानांनी फोन चार्जिंगला लावला.

सकाळी ओढ्याकाठी गर्दी मोठी होती. नाना उभे राहिले, चष्मा चढवला, फोन समोर धरला. म्हातारपणामुळं अक्षर मोठं करून ठेवलेलं, त्यामुळं पडद्यावर एका वेळी चारच शब्द मावायचे. वाचायचं आणि बोटानं वर सरकवायचं. “संसाराचा गाडा ओढताना तानुबाईंनी,” नाना आवाज लावून वाचू लागले, “आपल्या लेकरांना पोटाशी धरून वाढवलं. स्वतः उपाशी राहून त्यांच्या मुखी घास घातला. आज त्यांची मुलं, सुना, नातवंडं या मायेच्या सावलीला पोरकी झाली आहेत.”

‘सुना’ म्हणताना त्यांची जीभ अडखळली, पण शब्द गेलाच. नानांनी मान वर केली. तानुबाईला मूलबाळ नव्हतं. मुलगा नाही, मुलगी नाही. पाणी द्यायला समोर पुतण्या, जोतिबा, उभा होता. डोळ्याला लावलेले पदर बायकांनी खाली घेतले होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. बिरदेव राखेजवळ उकिडवा बसला होता आणि नानांकडं बघत होता.

त्या वेळी फोन खिशात घालून ‘चुकलो बाबांनो’ म्हणता आलं असतं. तेवढी सवड होती. पण एक पोरगं समोर मोबाईल धरून उभं होतं, परमुलखातलं सगळं गाव त्यातून बघत होतं, आणि नानांना आपली अब्रू आठवली. त्यांनी खाली बघितलं आणि उरलेलं शेवटपर्यंत वाचलं. त्या मायेच्या मुलांना हे दुःख पेलायचं बळ मिळो, इथपर्यंत.

कावळा लगेच शिवला. कावळ्याला काय, त्याचा मतलब भाताशी. लोक उठले, धोतरं झटकली, पांगले. एक पुढारी जाता जाता म्हणालाही, “नाना, झकास.” नानांना वाटलं, या माणसानं आपल्याला जोड्यानं मारलं असतं तर बरं.

घरी पोचतात तोच पल्लवीचा फोन. तिनं कराडात बसून सगळं बघितलं होतं. “दादा, आदी वाचलं न्हवतं का?” नाना म्हणाले, “रेंज न्हाई,” आणि फोन ठेवला. घरात रेंज भरपूर होती.

खाटेवर पडल्यावर त्यांना ती मिरजेची गाडी आठवली आणि आठवायचं थांबेना. लग्नानंतर कितीतरी वर्षं बिरदेव आणि तानुबाई डॉक्टरांना दाखवायला नानांच्याच गाडीनं मिरजेला जायचे. तिकीट नानाच फाडायचे. एकदा परतताना गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. उभ्या असलेल्या एका बाईनं आपलं झोपलेलं पोर तानुबाईच्या मांडीवर दिलं. हिवरवाडीचा फाटा आला. बिरदेव उठला, तानुबाई उठेना. पोर गाढ झोपलेलं. बिरदेवनं नानांकडं बघितलं, आणि नानांनी काही न बोलता डबल बेल देऊन गाडी पुढं सोडली. पुढच्या थांब्यावर त्या बाईला बसायला जागा झाली, तेव्हा पोर आईकडं देऊन दोघं उतरली आणि उन्हातनं चालत मागं आली.

हे नानांच्या पोटात होतं. एवढंच सांगितलं असतं तर ओढ्याकाठी एकही डोळा कोरडा राहिला नसता. कुणाला विचारायचीही गरज नव्हती. आणि त्यांनी काय वाचलं तर सुना, नातवंडं. नानांनी तोंडावर पंचा ओढून घेतला. बायकोनं जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाले.

चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. पाचव्या दिवशी मात्र उठले आणि बिरदेवच्या घरी गेले. बिरदेव अंगणात दोरी वळत बसला होता. त्यानं सरकून घोंगड्यावर जागा दिली.

“बिरू, चुकलं गड्या माझं.”

“काय चुकलं?”

“त्ये पोराबाळांचं. मी लिवलं न्हवतं त्ये. ह्या मोबाईलनं लिवलं. मी नुसतं वाचलं.”

म्हणता म्हणताच नानांना कळलं की सफाई देताना आपण आणखीच खाली गेलो. सख्ख्या मित्राच्या बायकोसाठी चार शब्दही आपले नव्हते, हे आपल्याच तोंडानं सांगून झालं.

बिरदेवची दोरी थांबली. “मोबाईलनं? त्याला काय ठावं तानीचं?”

“ठावं न्हाई रं. मनाचं घालतंय त्ये.”

बिरदेवनं दोरी खाली ठेवली. नाना शिव्या खायच्या तयारीनं आले होते. निदान ‘जा उठून’ तरी म्हणेल, असं त्यांना वाटत होतं. पण तो जवळ सरकला आणि नानांच्या खिशाकडं बघत हळू आवाजात म्हणाला, “मग पोरांची नावं बी घातल्यात का बघ की त्यात. आमी दोन ठरवून ठिवली हुती. एक पोराचं, एक पोरीचं. आमा दोघांबिगर कुणाला ठावं न्हाईत.”

त्यात टोमणा नव्हता. म्हातारा खरंच विचारत होता. नानांनी चष्मा लावला, फोन काढला आणि ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत, पहिल्यांदाच नीट, वाचून बघितलं.

“न्हाईत,” ते म्हणाले.

“आसू दे,” म्हणून बिरदेवनं दोरी पुन्हा हातात घेतली.

कोणती नावं ठरवली होती, हे नानांच्या ओठावर आलं होतं. आयुष्यभर लोकांच्या घरात बसून त्यांनी असलंच विचारलं होतं आणि कधी संकोच केला नव्हता. आज त्यांना ते विचारायची लाज वाटली. ते उठले आणि घरी आले.