सरळ चिकटवलेली लेबलं

निम्मी वाट सरली तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई चपलेतला खडा काढायला थांबल्या. रविवारी त्या बाजूला बस जात नाही, म्हणून त्यांच्या गोदामाच्या मालकांकडे आम्ही दोघी पायीच निघालो होतो.

"ताई, परत फिरायचं का?" मी विचारलं.

"तुझे पाय दुखत असतील तर तू फीर. माझे तेरा वर्षं उभे राहून राहून मेलेत, त्यांना काही कळत नाही."

तेरा वर्षं जाऊबाई परदेशी खाण्याच्या गोदामात लेबलं चिकटवतात. बाहेरून आलेल्या बरणीवर आपल्या भाषेतली चिठ्ठी लागल्याशिवाय ती दुकानात जात नाही. त्या कामाला लागल्या तेव्हा महिन्याला एक ट्रक यायचा आणि बायका तीनच होत्या. आता लोकांच्या जिभेला काय झालंय कोण जाणे, रोज ट्रक येतो आणि वीस जणी पुरत नाहीत. ऑलिव्हची एक चेपलेली डबी त्यांनी पहिल्यांदा घरी आणली, तेव्हा सासूबाई एक फळ कसंबसं गिळून म्हणाल्या होत्या, "हे औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

हसलो खरं, पण त्याच डब्यांनी आमचं घर सावरलं. भाऊजींचं आजारपण त्यावर निभावलं. मी शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होते, तेव्हा माझी तान्ही मुलगी जाऊबाईंच्या टेबलाखाली रिकाम्या खोक्यात झोपायची. देवाने हात दिला असं मी म्हणते, तेव्हा मला डिंकाने खरखरीत झालेले त्यांचेच हात दिसतात.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या दुकानाने सॉसच्या साठ पेट्या परत पाठवल्या. आपलं लेबल नेमकं मुदतीच्या तारखेवर बसलं होतं. सुपरवायझरने नव्या मुलीला घरी बसवलं. नवी आहे, म्हणजे चूक तिचीच. काल जाऊबाईंनी त्यातली एक पेटी उघडून पाहिली.

"त्या पोरीची लेबलं दारू प्यायल्यासारखी झुलतात गं," चालता चालता त्या म्हणाल्या. "ही सगळी एका रेषेत. देवघरात तसबीर लावावी तशी. इतकं सरळ माझ्याशिवाय कोण लावतंय? ते काळे आकडे बरणीवर घाण दिसत होते, म्हणून मीच झाकले."

"पण तुम्हालाच काढलं तर?"

"तर काढतील. तिच्या घरी दुसरं कमावणारं कोणी नाही. आपल्याकडे तू आहेस ना."

इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी असा भार टाकला नव्हता, आणि तो घ्यायला मिळाला म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

मालकांचं फाटक आलं. जाऊबाईंनी पदराने तोंड पुसलं, बेलवर बोट ठेवलं, पण दाबली नाही.

"एक करशील? बोलता बोलता मी तेरा वर्षांचं उगाळायला लागेन, यांचं आजारपण काढेन, डोळ्यांत पाणीही आणेन. मला माझं तोंड ठाऊक आहे. तसं व्हायला लागलं की मला कोपर मार. जोरात मार, लाजू नकोस."