गावात म्हणजे कुठे

घोटीहून सकाळी नाशिकला निघणाऱ्या एसटीत उज्वला आधी चढते, पिशवी टाकून दोन जागा धरते आणि मग मला हाक मारते. ती तिथं शालिमार चौकात चष्म्याच्या दुकानात, मी एका पतसंस्थेत कारकून. कित्येक वर्षं आम्ही अशाच जातो-येतो, त्यामुळे तिच्या घरातलं मला तिच्या नवऱ्याहून जास्त माहीत आहे. नवरा संतोष भाताच्या गिरणीवर असतो आणि मोजकं बोलतो. उज्वलाला ते जमत नाही.

तिचं बोलणं कुठूनही सुरू झालं तरी जावेवर येऊन थांबतं. धाकटी जाऊ स्नेहल लग्नानंतर वर्षभर घोटीला राहिली आणि मग नवऱ्याला घेऊन नाशिकला पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये गेली. आमची बस त्याच फाट्यावरून जाते. "अजून लोळत असंल बया गादीवर," उज्वला म्हणायची. "इथं माझ्या भाकरी झाल्या, भांडी झाली, अर्धा रस्ता उभ्यानं झाला." बसलेली असायची, पण जावेचा विषय निघाला की स्वतःला उभीच धरायची.

स्नेहल वाईट असती तर बरं झालं असतं. ती गोड बोलायची, मान द्यायची, सणाला साडी आणायची. त्यामुळे उज्वलाला तिला नावं ठेवायला फार मेहनत पडायची.

मग लेक तेजस्विनी अकरावीला नाशिकच्या कॉलेजात गेली. संध्याकाळचा क्लास सुटेपर्यंत अंधार व्हायचा. स्नेहल आपणहून म्हणाली, "ताई, तेजू राहू दे आमच्याकडे. शनिवारी पाठवत जाईन." नाही म्हणायला कारण नव्हतं. उज्वलानं पोरीची बॅग भरून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा तिळपापड सुरू झाला.

पोर शनिवारी यायची ती काकूचं नाव तोंडात घेऊनच. काकू चहात आलं किसून घालते. काकू म्हणते मला आखूड केस शोभतात. काकूनं गणित समजावलं.

"काकू म्हणती, काकू म्हणती!" उज्वला बसमध्ये माझ्यावर खेकसली. "नऊ महिने काकूनं वागवली का हिला?"

"अगं, पोर शिकतेय, खाऊनपिऊन सुखात आहे. आणखी काय पाहिजे?"

"तुमची लेक तुमच्या ताटात जेवती, भाग्यश्रीताई. तुम्हाला काय जातंय बोलायला?"

खरंच, मला काय जात होतं?

दिवाळीच्या अलीकडे एका दुपारी तिचा मला फोन आला. आवाज नाचत होता. तेजूचा मेसेज आला होता: 'आई, आज क्लास नाही. मी आणि काकू गावात जातोय.' उज्वलासाठी गाव एकच, घोटी. आठवड्याच्या मधेच पोरीला आईची आठवण आली, एवढंच तिला दिसलं. दुकानात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि मिळेल त्या बसनं घर गाठलं. सांज्याच्या पोळ्या केल्या. आयुष्यात पहिल्यांदा जावेसाठी मनापासून जास्तीची पोळी लाटली, हे तिनंच मला सांगितलं.

दिवेलागण झाली तरी कोणी येईना, तेव्हा तिनं फोन लावला. "कुठवर आलात गं?"

"कुठवर म्हणजे? मेन रोडला आहोत, आई. कळवलं होतं ना, गावात जातोय म्हणून."

सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, तिकडची माणसं जुन्या नाशिकला गाव म्हणतात. मेन रोडला कापड घ्यायला निघाली तरी म्हणतात, गावात जाऊन येते. आम्ही दोघी रोज नाशिकला जातो, पण हे बोलणं त्यांचं, आमचं नव्हे. आणि येतोय न म्हणता जातोय म्हटलंय, हे बघायला धीर लागतो. तो उज्वलाला कुठला?

फोनमध्ये मागे स्नेहल दुकानदाराशी हसत होती. उज्वलाला वाटलं, आपल्यालाच हसतेय.

सकाळी बसमध्ये मी समजूत घालायला गेले. "शब्दाचा घोळ झाला गं. मनाला काय लावून घेतेस?"

"घोळ?" तिचे डोळे सुजले होते. "चार महिन्यांत माझ्या पोरीचं गाव बदललं, आणि तुम्ही म्हणता घोळ!"

त्याच रविवारी ती जाऊन पोरीला घेऊन आली. स्नेहल दारात रडली म्हणे. "ताई, माझं काही चुकलं का? तिच्या क्लासचं तरी बघा." उज्वलानं चपला पायात सरकवल्या. संतोष कधी नव्हे ते बोलला, "पोरीचं नुकसान व्हईल." त्यालाही तिनं उडवून लावलं. तेजूनं मात्र बॅग उचलली आणि आईच्या मागून चालू लागली.

आता बसमध्ये आम्ही तिघी असतो. क्लास सुटला तो सुटलाच. परतीला पोर आमच्या मधे बसते, आणि बस स्टँडबाहेर पडली की डोळे मिटून घेते.

काल मी हळूच म्हटलं, "दमते गं बिचारी. बघ, कशी लगेच झोपली."

"झोपली नाय ती," उज्वला म्हणाली. "माझ्याशी बोलाया लागू नये म्हणून डोळे मिटती. मला कळत नाय व्हय?"

तिनं पदर सारखा केला आणि पोरीला आणखी जरा आपल्याकडे ओढलं.

"नाय बोलली तर नाय. माझ्याजवळ हाय ना?"