मामांची डिलीटची वही

आमच्या चाकणच्या कंपनीत कॉम्प्युटरवरचं कुठलंही नाव डिलीट करायला एक बटण पुरायचं. मामांना मात्र वही लागायची. दोनशे पानी, लाल पाठीची. नाव कोणाचं, काढा म्हणणारा कोण आणि त्याची सही. सही नसेल तर मामा अकाउंट फक्त बंद करत. आतल्या फायली जागच्या जागी राहत. "कुलूप लावतो, घर पाडत न्हाई," म्हणायचे.

मामा आमचे सिस्टिम अ‍ॅडमिन. गावची जमीन कंपन्यांखाली गेली आणि त्यातल्याच एका कंपनीच्या गारढोण सर्व्हर रूममध्ये हे कानटोपी घालून बसत. मी ताथवड्याच्या कॉलेजातून थेट त्यांच्या हाताखाली आले. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत बोलण्यापेक्षा गप्प बसणं मला सोपं जायचं.

पहिल्याच आठवड्यात एका निवृत्त सुपरवायझरचं नाव मी कोणालाही न विचारता काढून टाकलं. दहा मिनिटांत लेबलं छापणारा प्रिंटर थांबला. कित्येक वर्षं तिन्ही शिफ्ट त्यांच्याच नावाने लॉगिन करत होत्या! गेटवर ट्रक अडकले. मी रडायच्या बेतात. मामांनी बॅकअपमधून नाव परत आणलं. "पोरी, माणूस घरी गेला तरी त्याचं नाव कामावर असतंय. आधी इचारायचं."

शॉपवरचे कामगार चिडवायचे, "मामा, नाव काढताय का बारसं करताय?"

"काढायलाबी चार माणसं लागत्यात, भावा."

मग तपासणी विभागातल्या सुनीताताईंना सदोष माल पास केल्याचा ठपका ठेवून घरी बसवलं. चौकशी दहा दिवसांवर होती. 'हा माल पाठवू नका' असे त्यांनी वेळोवेळी लिहिलेले रिपोर्ट त्यांच्या अकाउंटमध्येच होते. प्लँटचे साहेब स्वतः आले. "मामा, ते अकाउंट आज साफ करून टाका."

मामांनी वही पुढे केली.

"तोंडी सांगितलेलं पुरत नाही?"

"तोंडी सांगितलं तर तोंडीच पुसतो, साहेब."

साहेब सही न करता गेले. तीन दिवसांनी मामांना सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका. मामांनी कानटोपी खिशात कोंबली आणि वही माझ्या टेबलावर ठेवली. "माझंबी नाव येईल. काढ खुशाल. नातीचे फोटो हायेत, तेवढे पेन ड्राइव्हवर दे." एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेब दोन नावं घेऊन आले. मामांचं आणि सुनीताताईंचं. "पाच मिनिटांचं काम आहे, बेटा."

मीटिंगमध्ये मी कधी स्वतःचं नावही धड सांगितलं नव्हतं. वही त्यांच्याकडे फिरवली, पेनचं टोपण काढलं. "सर, सही."

"तुझं प्रोबेशन अजून संपलेलं नाही, माहीत आहे ना?"

माहीत होतं. म्हणून तर वहीत ही दोन नावं आणि त्यांखाली तिसरी ओळ मी सकाळीच लिहून ठेवली होती, माझ्या नावाची. त्यांनी ती वाचली. पेन मात्र उचललं नाही.

त्याला पाच दिवस झाले. चौकशी उद्या आहे. तिन्ही ओळींपुढची सहीची जागा अजून कोरी आहे.